टायरचा पट्टा सुटला : कंपनीचं नाव सगळ्यात शेवटी वाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूर-पुणे टूर मारणारी सात आसनी गाडी, चारही टायर एकाच नावाजलेल्या कंपनीचे, २८ हजार किलोमीटर झालेले, नक्षी निम्म्याहून जास्त शिल्लक. पुण्याला जाताना पेठ नाका ओलांडल्यावर मागच्या डाव्या टायरचा वरचा पट्टाच सुटला आणि चाकावरचं प्लास्टिक फोडून गेला. गाडी बाजूला घेतली तेव्हा टायरमध्ये हवा होती. त्याच टायरला आधी तीन पंक्चर काढलेली, सगळी स्ट्रिपवाली, म्हणजे बाहेरून रबराची पट्टी ठोकून बुजवलेली. गाडी रात्री उद्यमनगरात लागते. कंपनीचा माणूस म्हणतो, हवा कमी ठेवून पळवलाय. स्टँडवरची मंडळी म्हणतात, ती कंपनीच बाद झाली, दुसरी घे. खरं कोण, आणि पुढचे टायर कुणाचे घ्यावेत?

मी आधी रिमोल्डच्या, म्हणजे जुन्या टायरवर नवं रबर चढवायच्या, कारखान्यात होतो, नंतर हायवेलगत टायरचं दुकान टाकलं. फुटलेले टायर उघडून आतून बघणं हाच धंदा. त्यावरून सांगतो : पट्टा सुटण्याच्या बाबतीत कंपनीचा नंबर तिसरा. पहिला नंबर उष्णतेचा. दुसरा पाण्याचा, म्हणजे पंक्चरच्या भोकातून आत मुरणाऱ्या पाण्याचा. आणि आपल्या कोल्हापुरात हा दुसरा नंबर बाहेरच्या लोकांना वाटतो त्यापेक्षा फार मोठा आहे.

तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात कामाचं वाक्य म्हणजे ‘टायरमध्ये हवा होती’. बरेच जण हे सांगतच नाहीत. टायर फुटणं आणि पट्टा सुटणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. फुटतो तेव्हा बगल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, जाते, हवा एका क्षणात बाहेर. पट्टा सुटतो तेव्हा खालचा सांगाडा शाबूत राहू शकतो, हवा टिकते आणि वरचं रबर आतल्या तारांसकट सोलून निघतं. तुमचा दुसरा प्रकार आहे.

तो कसा होतो हे समजायला टायरच्या पोटात बघावं लागेल. रेडियल टायरमध्ये पॉलिएस्टरच्या दोऱ्यांचा सांगाडा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत आडवा गेलेला असतो. त्यावर पोलादी तारांचे दोन पट्टे, एकमेकांना तिरके छेद देत बसवलेले. त्यावर बऱ्याच टायरना नायलॉनचा एक थर, आणि सगळ्यात वर नक्षीचं रबर. पोलादाला रबर असंच चिकटत नाही, म्हणून तारेवर पितळेचा पातळ मुलामा असतो. टायर शिजवताना रबरातलं गंधक त्या पितळेशी जोडलं जातं. सगळी मदार या जोडावर. आता गोम अशी की पट्टे कापून बसवतात, त्यामुळे तारांची टोकं उघडी असतात, टोकावर पितळ नसतं. म्हणून पट्ट्याची कड ही टायरमधली सगळ्यात नाजूक जागा. चीर पडते ती तिथूनच, आणि मग दोन पट्ट्यांच्या मधल्या रबरातून आत सरकत जाते. बाहेरून तोवर काहीही दिसत नाही, नक्षी अगदी टवटवीत.

ही चीर वाढवते ती उष्णता. १८५/६५ आर १५ हे नेहमीचं माप धरा : घेर जेमतेम दोन मीटर. ताशी १०० च्या वेगाला असं चाक मिनिटाला साडेआठशेच्या आसपास फेरे मारतं; कोल्हापूर ते पुणे एका खेपेला सव्वा लाखाच्या आसपास. प्रत्येक फेऱ्यात टायरचा प्रत्येक भाग रस्त्याला लागला की चपटा होतो आणि वर गेला की पुन्हा गोल होतो. लोखंडी तार हातात धरून मागंपुढं वाकवत राहिलं की ती जशी तापते आणि शेवटी तुटते, तोच हा प्रकार. हवा कमी असली की वाकणं जास्त, वजन जास्त असलं की वाकणं जास्त, वेग जास्त असला की वाकण्याच्या खेपा जास्त. तिन्ही एकत्र आले की पट्ट्याच्या कडेला उष्णता साठते, कारण रबर तिथं जाड असतं आणि उष्णता बाहेर पडायला वाट नसते.

म्हणजे कंपनीचा माणूस ‘हवा कमी’ म्हणतो ते अगदीच हवेतलं नाही. पण तसं असेल तर टायरवर खुणा हव्यात. टायर रिमवरून काढा आणि आत हात घाला. कमी हवेवर बराच पळालेला टायर आतून बोलतो : बगलेच्या आतल्या बाजूला गोल फिरणारी सुरकुती किंवा काळपट-निळसर पट्टा, आत रबराचा चुरा, बाहेरून दोन्ही खांदे, म्हणजे नक्षीच्या कडा, झिजलेले आणि मधली नक्षी उंच. यातलं काहीच नसेल, आतलं अस्तर स्वच्छ असेल, तर नुसतं ‘रन फ्लॅट’ (हवा नसताना पळवला) लिहून दावा फेटाळणं योग्य नाही. चार-पाच पॉइंट (पीएसआय) हवा महिनोन्‌महिने कमी राहिली तर खांद्यांवर हलकी जादा झीज दिसते, ती चारही टायरवर दिसली पाहिजे. हवा भरणारा माणूस एका टायरवर राग धरत नाही.

एकच खांदा झिजलेला असेल, त्यातही आतला, तर ते अलाइनमेंटचं. त्या बाजूला नक्षीवरून बोट फिरवलं की एका दिशेला गुळगुळीत आणि उलट्या दिशेला करवतीसारखं लागतं. आतली कड उभ्यानं दिसत नाही, त्यामुळे वायर बाहेर आल्यावरच कळतं. खड्ड्याचा मार असेल तर टायरच्या आत दोऱ्या एक्स किंवा वायच्या आकारात तुटलेल्या सापडतात, किंवा बगलेला फुगा येतो. हा मार आज बसतो आणि टायर जातो पंधरा दिवसांनी, म्हणून ड्रायव्हर शपथेवर सांगतो की खड्डा नव्हताच. सातारा-कागल सहापदरीचं काम सुरू झाल्यापासून सर्व्हिस रोडच्या कडांनी कापलेल्या बगला आणि फुगे दुकानात नेहमीचे झालेत.

आता कारखान्याचा दोष कसा ओळखायचा? पट्टा सुटलेल्या जागेवर तारा उघड्या, पिवळसर चकचकीत, त्यांवर रबराचा कणही नाही असं दिसलं तर जोडच नीट झाला नव्हता असा संशय घ्यायला जागा आहे. चांगल्या जोडात रबर फाटतं पण तारेला धरून राहतं. मात्र एकट्या याच खुणेवर निकाल देऊ नका. सुटलेला भाग आतल्या आत बराच काळ घासत राहिला तर चांगला टायरही तिथं गुळगुळीत होतो. दोष असलेला टायर बहुधा लवकर बोलतो : पहिल्या काही हजार किलोमीटरमध्येच बॅलन्सिंग करूनही न जाणारी थरथर, किंवा नक्षीवर एका जागी उंचवटा. २८ हजार हे त्या मानानं उशिराचं आहे, पण अशक्य नाही.

आणि तारा तपकिरी, गंजलेल्या दिसल्या तर? माझा अंदाज तुमच्या टायरबाबत हाच आहे, आणि इथं उद्यमनगर येतं.

कोल्हापूर हे फाउंड्री आणि लेथचं गाव. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, तिन्हीकडच्या रस्त्यांवर लेथवरचा लोखंडी भुसा, कापलेल्या तारेचे तुकडे, बोल्टांची टोकं पडलेली असतात. टेम्पोतून सांडतात, झाडलोटीत गटाराकडेला येतात. खिळ्यासारखं मोठं भोक पडत नाही. बारीक टोक घुसतं, हवा आठवड्याला दोन-तीन पॉइंट कमी होते आणि कुणाला कळत नाही. कळलं की पंक्चरवाला बाहेरूनच खरबरीत सुई घालून भोक मोठं करतो आणि स्ट्रिप ठोकतो. शंभर-दीडशे रुपयांत दहा मिनिटांत काम. हवा थांबते, पण त्या सुईनं पट्ट्याच्या दोन-चार तारा तोडलेल्या असतात आणि बाहेरून पाणी आत जायची वाट मोकळीच राहते. मग आपला पाऊस. जून ते सप्टेंबर गाडी ओल्या रस्त्यावर. गगनबावड्याकडे किंवा आंबा घाटातून रत्नागिरीला गेली तर दिवसभर पाण्यातच. ते पाणी भोकातून तारेपर्यंत जातं, तारेच्या पोकळीतून पुढं सरकतं, पितळ-रबराचा जोड सोडवतं आणि पोलाद गंजवतं. पुढच्या एप्रिल-मेच्या उन्हात, सात माणसं आणि कॅरिअरवर बॅगा घेऊन गाडी शंभरला लागली की मोकळा झालेला भाग सुटतो. दोष पावसाळ्यात मुरतो, टायर उन्हाळ्यात जातो, आणि शिव्या खातात टायर कंपनी किंवा ऊन.

म्हणून पंक्चर आतून काढून घ्या. टायर रिमवरून उतरवायचा, आतून तपासायचा, भोक आरपार रबराच्या देठानं भरायचं आणि आतून पॅच लावायचा. दुकानात याला मशरूम म्हणतात. पैसे जास्त पडतात, अर्धा तास जातो. पण पाण्याला दोन्हीकडून अडवणारा हा एकच उपाय. भोक सहा मिलिमीटरपेक्षा मोठं असेल किंवा खांद्यावर-बगलेवर असेल तर काढूच नये, टायर बदलावा. स्ट्रिप हे रस्त्यावरून घरी पोचायचं साधन. तिच्यावर तीन पावसाळे काढायचे नसतात. तुमच्या फाटलेल्या टायरमध्ये पट्टा ज्या जागेपासून सुटायला लागला ती जागा आणि तिन्ही पंक्चरच्या जागा ताडून बघा. सुटण्याची सुरुवात पंक्चरभोवती असेल आणि तिथल्या तारा तपकिरी असतील, तर उत्तर मिळालं, आणि ते कंपनीच्या विरोधात जात नाही. पंक्चरपासून लांब, तारा चकचकीत आणि आतलं अस्तर स्वच्छ, तर कंपनीला सोडू नका.

आता ब्रँडचं. नावाजलेली कंपनी चुकत नाही असं मुळीच नाही. या धंद्यातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण नेमकं पट्टा सुटण्याचंच आहे. ऑगस्ट २००० मध्ये ब्रिजस्टोन-फायरस्टोननं अमेरिकेत सुमारे ६५ लाख टायर परत बोलावले, त्यातले बरेचसे फोर्डच्या एक्सप्लोरर गाडीला बसवलेले. अपघातांत अडीचशेहून जास्त माणसं गेल्याची नोंद तिथल्या सरकारी यंत्रणेनं केली. तपासात इलिनॉयमधल्या डिकेटर इथल्या कारखान्यातले टायर ठळकपणे पुढं आले. पण गोष्ट तेवढीच नव्हती. फोर्डनं त्या गाडीला २६ पॉइंट हवा सांगितली होती, टायर कंपनीचं म्हणणं ३० चं. तक्रारी जास्त आल्या त्या टेक्सास, फ्लोरिडा, ॲरिझोना अशा उष्ण भागांतून. उंच गाडी, कमी हवा, वजन, वेग, ऊन आणि त्यात कच्चा जोड. दोन्ही कंपन्या एकमेकींवर ढकलत राहिल्या आणि जवळपास शंभर वर्षांचा त्यांचा व्यवहार २००१ मध्ये तुटला. त्याच वर्षी डिकेटरचा कारखाना बंद झाला. हवा कमी झाली की डॅशबोर्डवर दिवा लावणारी यंत्रणा अमेरिकेत सक्तीची झाली ती या प्रकरणातून आलेल्या कायद्यामुळेच. त्याआधी १९७८ मध्येही याच फायरस्टोनला ‘५००’ नावाचे जवळपास दीड कोटी रेडियल परत घ्यावे लागले होते. तिथंही दुखणं तारेला रबर न धरण्याचंच.

यातून माझ्यासारख्यानं घेतलेली गोष्ट अशी की कंपनी बाद होत नाही. एखादा कारखाना, एखादं मॉडेल, काही महिन्यांचा माल बाद असू शकतो. आणि तो स्टँडवरच्या गप्पांतून ओळखता येत नाही. तिथं प्रत्येकजण कंपनीचं नाव सांगतो, मॉडेल कुणी सांगत नाही, तारीख तर नाहीच. एकाचा टायर ६० हजार चालतो कारण तो एकटा ऑफिसला जातो. दुसऱ्याचा तोच टायर ३० हजारांत संपतो कारण त्याची गाडी नरसोबावाडी-जोतिबा-गणपतीपुळे अशी भरून फिरते. शिवाय नव्या गाडीसोबत आलेला टायर आणि दुकानात मिळणारा त्याच कंपनीचा टायर एकच असेल असं नाही. गाडी बनवणाऱ्याला मायलेजचा आकडा हवा असतो, तो हलका, कमी घर्षणाचा टायर मागवतो. पकड, आयुष्य आणि मायलेज या तिन्ही गोष्टी एका रबरात पूर्ण मिळत नाहीत. एक वाढवली की दुसरीकडून थोडं जातं. ‘टायर कडक आहे, झिजतच नाही’ असं कौतुक करणाऱ्यानं पहिल्या पावसात त्याच टायरवर ब्रेक मारून बघावा.

एमआरएफ, अपोलो, सिएट, जेके, ब्रिजस्टोन, मिशेलिन, गुडइयर, योकोहामा यांपैकी कुठलाही टायर तुमच्या कामाला चालेल. आयएसआय खूण सगळ्यांवर असते, तशी सक्तीच आहे. माझी स्वतःची आवड विचाराल तर टूरच्या गाडीला मी मधल्या किमतीचा, दोन-तीन वर्षं बाजारात असलेला आणि गावात ज्याचा कंपनीचा तपासनीस वेळेवर येतो असा टायर सुचवतो. तपासनीस न येणाऱ्या कंपनीची वॉरंटी कागदावरच राहते.

नावापेक्षा बगलेवर कोरलेलं वाचायची सवय लावा. ८८ एच असं लिहिलेलं असेल तर ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो आणि एच म्हणजे ताशी २१० पर्यंतचा वेग. टी असेल तर १९०. हा ५६० किलोचा आकडा पूर्ण हवेचा आहे, साध्या टायरला साधारण ३६ पॉइंटचा. २६ पॉइंटवर तोच टायर ५६० उचलत नाही. नेमकी किती हवा ठेवायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतं, आणि बऱ्याच गाड्यांना भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा दिलेला असतो. गाडीसोबत ८८ चा टायर असेल तर ८४ चा स्वस्त मिळतो म्हणून चढवू नका. सात आसनीला तर नाहीच.

बऱ्याच टायरवर ‘टेंपरेचर’ असा शब्द आणि पुढं ए, बी किंवा सी असतं. पट्ट्याचा विचार करता हे अक्षर सगळ्यात महत्त्वाचं, आणि दुकानात ते विचारणारं गिऱ्हाईक मला क्वचितच भेटतं. प्रयोगशाळेत चाक पळवून उष्णता सोसण्याची परीक्षा घेतात, त्याचा हा निकाल. ए ताशी १८५ च्या पुढं टिकतो, बी १६० ते १८५, सी त्याखाली. आपण शंभरानं जातो मग सी चालेल की, असं म्हणाल. पण ती परीक्षा योग्य हवा आणि योग्य वजन धरून असते. आपल्याकडं दोन्ही पाळलं जात नाही, म्हणून वरचं अक्षर ही गाठीशी ठेवलेली शिल्लक. शेजारी ‘ट्रेडवेअर’ ३००, ४०० असा आकडा असतो. तो कंपनी स्वतः ठरवते, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ नाही.

तारीख चार आकड्यांत असते. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. सहा महिन्यांचा टायर नवाच समजा. दीड-दोन वर्षं गोडाऊनमध्ये उन्हाच्या पत्र्याखाली पडलेला असेल तर घासाघीस करा किंवा सोडा. रबर वापरलं नाही तरी हवेतल्या ऑक्सिजननं म्हातारं होतं. पाच वर्षांनंतर दरवर्षी उघडून तपासावा आणि दहा वर्षांनी नक्षी कितीही असली तरी काढावा असं टायर कंपन्याच सांगतात. भरलेल्या टूर गाडीला मी सहाच्या पुढं जाऊ देत नाही. नक्षीच्या खाचेच्या तळाशी बारीक चिरा दिसल्या की वय झालं.

हवेबद्दल तीन गोष्टी बोलाव्याच लागतील, कारण चुकीचा सल्ला जास्त मिळतो. पहिला : ‘उन्हाळा आहे, दोन-तीन पॉइंट कमी ठेव, नाहीतर फुटेल.’ उलटं आहे. पळताना हवा चार-सहा पॉइंट वाढते, ती वाढणार हे धरूनच टायर बनवलेला असतो. कमी ठेवली की वाकणं वाढतं आणि टायर जास्त तापतो. किणी टोलनंतर पंपावर थांबून तापलेल्या टायरमधली हवा काढून ३२ करणारे ड्रायव्हर मी रोज बघतो. तो टायर रात्री थंड झाला की २७ वर येतो. हवा सकाळी, गाडी हलवायच्या आधी मोजायची. पंपावरच्या काट्यावर विश्वास नको, स्वतःचा गेज ठेवा.

दुसरा : डोळ्यानं अंदाज. हा क्रॉसप्लायच्या, म्हणजे रेडियलच्या आधीच्या जुन्या टायरच्या, काळातला वारसा आहे. जेकेनं १९७७ मध्ये भारतात रेडियल आणला, पुढं गाड्यांना सगळीकडं तोच आला, पण जुन्या ड्रायव्हरांची नजर बदलली नाही. रेडियलची बगल पूर्ण हवेतही फुगीरच दिसते. २४ आणि ३२ मधला फरक लाथ मारून कळत नाही.

तिसरा नायट्रोजन. चांगलं आहे, आत ओलावा जात नाही, हवा थोडी हळू उतरते. पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. ‘नायट्रोजन आहे’ म्हणून चार महिने गेज न लावणाऱ्यापेक्षा फुकटची हवा दर आठवड्याला मोजणारा बरा.

समृद्धीवर टायर फुटतात म्हणून काँक्रीटला दोष देतात. माझ्या मते मोठा भाग असा आहे की कोल्हापूर-पुणे रस्त्यावर टोल, नाके, डायव्हर्शन यांमुळे टायरला मध्येमध्ये उसंत मिळते. समृद्धीवर तीच गाडी, तीच कमी हवा, पण अडवणारं काहीच नाही, आणि विदर्भातला मे. इथं लपलेला दोष तिथं उघडा पडतो. लांबची खेप असेल तर दोन तासांनी थांबून टायरवर हात ठेवून बघा. एक टायर बाकीच्या तिघांपेक्षा स्पष्ट गरम लागला तर काहीतरी बिघडलंय.

रिमोल्डबद्दल विचारलं नाहीत, पण स्टँडवर ‘कंपनीनं रिमोल्डच विकला’ असंही कुणीतरी म्हणालं असेल. रिमोल्ड म्हणजे वाईट हा गैरसमज आहे. विमानांचे टायरही रिट्रेड होतात, म्हणजे त्यांवरही नवं रबर चढवतात. ट्रकच्या मागच्या जोडचाकांना चांगल्या सांगाड्यावर चढवलेलं रबर उत्तम चालतं. अमेरिकेत हायवेवर पडलेले ट्रकच्या टायरचे तुकडे गोळा करून तपासले तेव्हा रिट्रेड आणि मूळ टायरचं प्रमाण वापरातल्या प्रमाणासारखंच निघालं. ऊस वाहतुकीत दिसतात ते हाल रबर चढवल्यामुळे नाहीत, मेलेल्या सांगाड्यावर चढवल्यामुळे, आणि वर दुप्पट माल भरल्यामुळे. कारला मात्र रिमोल्ड लावू नका. वाचणाऱ्या पैशाच्या मानानं जोखीम मोठी आहे.

पट्टा सुटायच्या आधी टायर सहसा इशारा देतो. ठराविक वेगाला थरथर, बॅलन्सिंग करूनही परत; कमी वेगात, चौकातून वळताना ढब-ढब आवाज; सरळ रस्त्यावर गाडी हलकी डुलते. पुढचा टायर असेल तर स्टिअरिंगला कळतं, मागचा असेल तर सीटला. असं झालं की परत-परत वजनं ठोकून घेऊ नका. जॅक लावा, चाक हातानं फिरवा, नक्षीकडे समोरून नजर ठेवा. एके जागी उंचवटा किंवा नक्षी वाकडी होऊन जाताना दिसली तर त्या टायरवर गाडी चालवतच दुकानात आणू नका, स्टेपनी चढवा.

आणि रस्त्यात सुटलाच तर ब्रेकवर उभं राहायचं नाही. स्टिअरिंग घट्ट, ॲक्सिलरेटर हळू सोडायचा, वेग आपोआप उतरू द्यायचा, मग कडेला. मागचा टायर गेला की गाडीची शेपूट बाहेर जाते, तेव्हा जोरात ब्रेक किंवा झटक्यानं वळण म्हणजे गाडी फिरणार. म्हणूनच दोनच नवे टायर घेणार असाल तर ते मागे लावा. आपल्याकडं सगळे पुढं लावतात, ‘स्टिअरिंग पुढं आहे ना’ म्हणून. पुढची पकड गेली तर गाडी सरळ जाते आणि ड्रायव्हरला निदान कळतं. मागची गेली तर कळायच्या आत फिरते. पावसात तर हे हमखास.

आता तुमच्या दाव्याकडं. फाटलेला टायर भंगारवाल्याला देऊ नका आणि कंपनीकडं पोचवायच्या आधी फोटो काढा : तारीख आणि सिरियल नंबर, सुटलेली जागा, तारांचा रंग, तिन्ही पंक्चर आतून आणि बाहेरून, आतलं अस्तर, राहिलेल्या नक्षीची खोली गेज लावून. रस्त्यावर मिळालेला पट्ट्याचा तुकडा असेल तर तोही ठेवा. तपासनिसाकडून नकार लेखी घ्या, कारणासकट. ‘हवा कमी’ म्हणत असेल तर कुठल्या खुणेवरून, ते लिहायला सांगा. दोष मान्य झाला तरी नवा टायर फुकट मिळत नाही, उरलेल्या नक्षीच्या प्रमाणात सूट मिळते. समजा नवा टायर ८ मिलिमीटरचा, झिजेची खूण १.६ वर, म्हणजे वापरायचे ६.४, तुमच्याकडं ४.८ उरले असतील तर वापरायचे ३.२, म्हणजे साधारण निम्मे पैसे. प्रत्येक कंपनीचा हिशेब थोडा वेगळा असतो. नकार पटला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडं दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि आयोग टायर प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो. गंजलेल्या तारा आणि स्ट्रिपची पंक्चर घेऊन मात्र तिथं जाऊ नका, वेळ फुकट जाईल.

राहिलेले तीन टायर या आठवड्यात उतरवून आतून बघा. त्याच गाडीचे, त्याच उद्यमनगरातले, त्याच पावसातले आहेत. ज्याला स्ट्रिप आहे ती काढून आतून मशरूम घाला. सुई घालताना भोकातून तपकिरी गंज आला तर तो टायर ठेवू नका, नक्षी कितीही असो. आणि मागच्या डाव्या जागी सध्या स्टेपनी चालू असेल तर तिच्यावरचे चार आकडे आजच वाचा. गाडीसोबत आलेली, कधीच न वापरलेली, नवीकोरी दिसणारी स्टेपनी बहुतेक वेळा चौघांत सगळ्यात म्हातारी निघते.